बारवेच्या तिसऱ्या पायरीवर

उमापूर, चैत्र वद्य षष्ठी, शके १८४१

आसारामदादा,

थोरल्या भावाला जे काही नमस्कार-चमत्कार घालतात ते सगळे पोचले असं समज. खुशाली विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस. हे पत्र मी भाऊ म्हणून लिहीत नाही, फोटोग्राफर म्हणून लिहितोय. म्हणजे निदान फोडशील तरी.

तुमच्या दफ्तराचा हुकूम तालुक्याच्या कचेरीतून माझ्या हाती आला. जिल्ह्यातल्या जुन्या इमारती, देवळं, बारवा आणि गोदावरीचा, म्हणजे आपल्या गंगेकाठचा सूर्यास्त, एकेका जागेचे वर्षातून चार फोटो, चारी हंगामांत, कॅमेऱ्याची तिपाई दर वेळी त्याच खुणेवर ठेवून. खाली सही साहेबाची असली तरी उर्दू अक्षर तुझं आहे हे मी लिफाफ्यावरूनच ओळखलं. हैदराबादेत एवढे मुन्शी पडलेत, पण नेमका तूच माझ्या नावानं हुकूम लिहायला बसलास आणि त्यात एक ओळ जास्त लिहिली नाहीस. शेवटचं कलम तर अगदी तुझ्या स्वभावाचं आहे: तसबिरीत माणूस अथवा जनावर येता कामा नये.

बरं, नाही येऊ देत. पण तुझ्या आईला कोण आवरणार?

काल गावाबाहेरच्या बारवेचा फोटो घेतला. पूर्वेच्या कमानीत सकाळी जेमतेम अर्धा तास ऊन शिरतं. पाणी भरायला आलेल्या बाया आश्रुबा गाडीवाल्यानं वरच थोपवल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, एका म्हशीला हाकलून लावलं. कमान रिकामी झाली. मी कॅमेऱ्यात फोटोची काच बसवली, भिंगाची टोपी काढली आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत बारा मोजले. आत अंधार असल्यानं तेवढे मोजावेच लागतात. घरी येऊन काच धुतली तर तिसऱ्या पायरीवर माय! हात दोन्ही बाजूंना ताठ, पदर डोक्यावर, नजर थेट भिंगात. मी मोजायला लागल्यावर खांबाआडून येऊन उभी राहिली असणार, कारण तिच्या लुगड्यातून मागचे दगड दिसतात.

"माय, मधे कावून आलीस?" मी विचारलं.

"फोटू हैद्राबादला जातो न्हवं?"

"सरकारकडं जातो."

"आसाराम सरकारातच हाय. त्याच्या हातात पडंल. बघंल तरी माय कशी हाय ते."

हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे. आश्रुबाला झापलं तर तो म्हणतो, "मी तर बैलं सोडाया गेलतो, मालक." त्याचे बैल नेमके मी टोपी काढली की सोडायचे असतात.

तेव्हा एक कर. तिच्या नावानं दोन ओळी लिही की फोटो तुझ्याकडे येत नाहीत, परस्पर साहेबाकडे जातात. मी वाचून दाखवीन. काचा मुंबईहून येतात आणि वाटेत निम्म्या फुटतात. उरलेल्या मायनं खराब केल्या तर सूर्यास्त काय मी हातानं काढू?

आबा गेले त्या वेळचं मी पुन्हा उकरत नाही. साथीचा ताप होता, गंगेला पाणी होतं, गाडी उतरत नव्हती, तार करायला जालन्याला जाणार कोण आणि कसा? हे मी तुला तेव्हा दारातच सांगितलं. टपालानं कळल्यावर तू त्यांच्या अकराव्या दिवशी आलास, उंबऱ्यात उभ्या-उभ्या मला नाही नाही ते बोललास आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता परत फिरलास. मायनं भरून आणलेला तांब्या तसाच ओट्यावर राहिला. त्याला आता सहा महिने होतील.

राधाकिशन

*

उमापूर, ज्येष्ठ शुद्ध दशमी

आसारामदादा,

तुझं उत्तर आलं. 'बारवेची तसबीर अद्याप दाखल नाही, सबब त्वरित पाठवावी.' एवढंच. जावक नंबर मात्र ठसठशीत आहे. माय विचारत होती, काय लिव्हलं? मी म्हटलं, खुशाल आहे, कामात आहे. आता तुझ्या वाटची खुशालीसुद्धा मीच लिहायची.

तसबीर का दाखल नाही ते ऐक. वैशाखात इथं उन्हानं विहिरीचं पाणीसुद्धा कोमट झालं होतं. त्या पाण्यात काच धुतली की वरचा मसाला पाघळतो. डोळ्यांदेखत देऊळ घरंगळत काचेच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. तीन काचा अशा गेल्या. मग तुझ्या भावजयीनं, कौशल्येनं, रांजणाभोवती ओली पोती गुंडाळून पाणी गार केलं आणि दिवसभर मला ऐकवलं की पोरांना प्यायला गार पाणी नाही आणि यांची देवळं आंघोळी करतायत.

सूर्यास्ताचं तर विचारूच नकोस. दोन कोस गाडी घालून गंगेवर गेलो, घामानं निथळत वाळूत तिपाई रोवली. आभाळ काय लाल झालं होतं! ते काचेवर काळं ठिक्कर उतरलं. लाल रंग या काचेला दिसतच नाही हे मला ठाऊक आहे, तुमच्या साहेबाला ठाऊक नाही. कौशल्या कागदावरचा छापा बघून म्हणाली, "ह्यो तर आमुशाचा फोटू हाय." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना सांगावं म्हणतो की सूर्यास्त बघायचा असेल तर इथं येऊन बघा.

आणि माय. तलवाड्याच्या डोंगरावरच्या देवीच्या देवळाचा फोटो घ्यायला निघालो तेव्हा तिला चुलीशी बसलेली बघून निघालो होतो. अर्ध्या वाटेत गाडीतल्या कडब्यातून खोकला ऐकू आला. बासष्ट वर्षांची बाई कडब्याखाली लपून आली! मी ओरडलो, आश्रुबा गालात हसला, आणि माय पदर झटकत म्हणाली, "देवीला आले. तुज्या फोटूला कोण आलंय?" देवळाच्या ओवरीत ती दर्शन घेऊन गपचूप बसली. मी घड्याळाकडे बघत टोपीला हात घालतोय तोवर उठून दीपमाळेपाशी जाऊन उभी राहिली.

या वेळी तिनं एक नवी गोष्ट शिकून घेतली होती. पहिल्या फोटोत आपण भुतासारख्या दिसतो, कारण उशिरा आलो आणि हललो, हे तिनं माझ्याच बडबडीतून उचललं. चालणारं माणूस काचेवर उमटत नाही, थांबलेलं उमटतं. म्हणून ती अशी थांबली की डोळ्यांची पापणीसुद्धा लवली नाही. काच चांगली उतरलीय, मायच्या पदराचा काठसुद्धा मोजता येतो. दुसरी काच नव्हती म्हणून तीच पाठवतोय, सोबत बारवेचीही. साहेबाला जे सांगायचं ते सांग.

तिला दोन ओळी लिहिल्यास का? नाही ना. मला वाटलंच.

राधाकिशन

*

उमापूर, श्रावण शुद्ध त्रयोदशी

आसारामदादा,

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तुमच्या साहेबाचा नवा हुकूम मिळाला. 'तसबिरीतील बाईमुळे इमारतीच्या उंचीचा अंदाज नेमका येतो. यापुढे प्रत्येक तसबिरीत हीच बाई उभी करावी.' चार महिने मी माझ्या जन्मदात्री आईला फोटोतून हाकलत होतो, आणि आता ती सरकारी हुकमानं उभी राहणार.

मी वाचून दाखवलं. माय एवढी खुलली की काय सांगू! गल्लीत सांगून आली, "आसारामनं बोलावनं धाडलंय. म्हनला, मायबिगर फोटू नगं." मी म्हटलं, अगं, हा साहेबाचा हुकूम आहे. ती म्हणाली, "अक्शर कुनाचं हाय?" मला खोटं बोलता येईना. अक्षर तुझंच होतं.

आता तिचा थाट बघ. फोटोच्या दिवशी कौशल्येकडून वेणी घालून घेते. इरकलीचं लुगडं, जे तिनं माझ्या लग्नात नेसलं आणि पेटीत टाकलं, ते बाहेर निघालं. शिवाय तिची जागाही पुढं सरकत चाललीय. आधी कमानीपाशी असायची, आता माझ्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहते. तिला म्हटलं, एवढ्या जवळ आलीस तर उंचीचा अंदाज चुकेल, देऊळ तुझ्या खांद्याएवढं दिसेल. "दिसू दे. देऊळ त्याला ठाव हाय," ती म्हणाली.

एक सांगायचं राहिलं. छापे साफ करताना तिच्या डाव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका दिसला. बारवेच्या फोटोत, वेशीच्या फोटोत, दोन्हींत. पावसाळी दमटपणानं काचेवर बुरशीचे डाग पडतात, त्यातलाच म्हणून शाईच्या कुंचल्यानं झाकून टाकला. तुझ्याकडे आलेल्या छाप्यांत तो दिसणार नाही.

तिची मागणी अशी की तू पण हैदराबादेत एक फोटो काढून पाठवावास. तिथं दर कोपऱ्यावर फोटोवाले आहेत म्हणतात. "म्या येवढ्या बारीला उबी ऱ्हायले, त्यानं येकदा ऱ्हावं," असा तिचा हिशेब आहे. खुर्चीवर बसून, टोपी घालून, कसाही काढ. मला तोंड दाखवायचं नसेल तर पाकिटावर तिचं नाव लिही, मी फोडणार नाही.

राधाकिशन

*

उमापूर, कार्तिक वद्य द्वितीया

आसाराम,

आज दादा लिहिणार नाही.

तुमच्या दफ्तरातून आल्बमाचा नमुना तपासायला आला. सुरेख जाड कागद, सोनेरी कडा, प्रत्येक फोटोखाली उर्दूत मजकूर. बारवेच्या फोटोखाली लिहिलंय: 'बारव, पूर्वेची बाजू. पायरीवर एक मुकामी औरत, कद अंदाजे पाच फूट.'

अक्षर तुझं आहे.

मुकामी औरत! गावातली कोणी एक बाई! अरे, लाज वाटली नाही तुला? लिहिताना बोरू अडला नाही? आणि पाच फूट कुठून आणलेस? ती चार फूट नऊ इंच आहे, मी काठीनं मोजलीय. तुला तर मोजायचीही गरज नव्हती. वरच्या फळीवरचा गूळ काढायचा झाला की तिचा हात पुरत नसे म्हणून ती तुलाच हाक मारायची. मला कधी मारली नाही, मी तिथंच उभा असलो तरी.

मी समजत होतो, तू रागावला आहेस. राग मला समजतो. पण हे राग नाही, हे आईला सही-शिक्क्यानिशी परकी करणं झालं. कदाचित साहेब शेजारी उभा असेल, कदाचित ही माझी माय आहे असं म्हणायला तुला तिथल्या लोकांत कमीपणा वाटला असेल. मला कारण नकोय.

नमुना आला तेव्हा ती ओट्यावरच होती. कागदावरून हात फिरवत तिनं विचारलं, "माज्या फोटूखाली काय लिव्हलंय त्यानं?"

मी वाचलं, "उमापूरच्या भिवराबाई, मुन्शी आसारामच्या मातोश्री."

"येवढं समदं लिव्हलं?"

"हां."

"सायबानं बघितलं असंल न्हवं?"

"बघितलं."

मग ती देवापाशी जाऊन बसली आणि मी परसात जाऊन तुझ्या नावानं शिव्या घातल्या. कौशल्या म्हणाली, "भावजींना लिवा की, आमाला कावून सांगताव?" म्हणून लिहितोय.

पण एक गोष्ट मलाही कबूल केली पाहिजे. चैत्रात मी लिहिलं होतं की फोटो तुझ्याकडे जातात हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे. मीच भरवलं. तू गेल्यापासून ती जेवत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. हुकमावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा मी सहज म्हणालो, हे फोटो आसारामदादा बघणार बरं का. ती उठून बसली, भाकरी मागितली. ती असं काही करील हे मला काय माहीत? आपलेच दात आणि आपलेच ओठ. इतके महिने मी माझ्याच थापेवर ओरडत होतो.

आणि तो डोळ्यातला ठिपका बुरशी नव्हता. परवा मी तिला हौसेनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घेतलं, मागच्या काचेवर गाव उलटं कसं दिसतं ते दाखवायला. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "उलटंबी न्हाई आन् सुलटंबी न्हाई. धुकं हाय." बाहेर लख्ख ऊन होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती जवळ जवळ का सरकत होती. लांबून तिला कॅमेराच दिसत नव्हता. जे भिंगाला श्रावणात दिसलं ते मला, तिच्या पोटच्या पोराला, रोज समोर बसून जेवताना दिसलं नाही. वर मी ते शाईनं झाकलं.

जालन्याच्या डॉक्टरला दाखवून आणलं. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उजवाही संक्रांतीपर्यंत जाईल म्हणतो. कापून काढता येतो, पण माय तयार नाही. "कापल्यावर गेलंच समदं तर? आदी आसारामला बघीन, मंग काय कापायचं ते कापा." डॉक्टर हसला, मी तिचे पाय धरले, आश्रुबानंसुद्धा समजावलं. ती हलली नाही. थांबायची तिला सवय झालीय.

म्हणजे सगळं तुझ्यावर आलंय. संक्रांतीच्या आत ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या ताटाला ताट लावू नकोस, पण तिला तोंड दाखव.

राधाकिशन

*

उमापूर, पौष शुद्ध चतुर्थी

दादा,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही, फोटो नाही. संक्रांत पंधरवड्यावर आली. थंडीचं ऊन फोटोला फार चांगलं असतं, सावल्या लांब पडतात, दगडावरची नक्षी उठून दिसते. वेशीची काच इतकी छान उतरलीय की वर्षभरात तशी उतरली नव्हती. पण मला तिच्यात काडीचा आनंद नाही.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. मी दारात तुला जे सांगितलं ते खोटं होतं हे तुला तिथंच कळलं होतं, आणि मी ते पत्रातसुद्धा पुन्हा लिहिलं. पुन्हा उकरत नाही असं म्हणत म्हणत लिहिलं.

गंगेला पाणी नव्हतं. त्या साली पाऊसच कुठं पडला होता? तू जालन्याहून आलास तेव्हा तुझ्या वहाणा पायात होत्या, आणि त्यांवर चिखल नव्हता, कोरडी वाळू होती. मी पुराचं सांगत होतो आणि तू आपल्या पायांकडे बघत होतास.

आबा नऊ दिवस तापात होते. दुसऱ्याच दिवशी आश्रुबा गाडी जुंपून दारात आला होता. "मालक, जालन्याला जाऊन तार करून येतो. थोरल्या मालकाला बोलवाया पायजे," म्हणाला. मी म्हणालो, बैल सोड, उतरेल ताप. तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा तार गेली असती तर तू पोचला असतास, अग्नी तू दिला असतास.

मला तो द्यायचा होता. उशाशी मी बसलो होतो, पाय मी चेपत होतो, घाण मी काढत होतो, आणि आबा तापात नाव तुझं घेत होते. आसाराम आला का, आसाराम आला का. मला वाटलं, एकदा, जन्मात एकदा तरी थोरल्याचं काम माझ्या हातून होऊ दे. खांद्यावर मडकं घेऊन मी चितेभोवती फिरलो तेव्हा मला दुःखाबरोबर समाधान झालं. तुला कापायचं असेल तर मला काप, पण मायला शिक्षा देऊ नकोस.

मायला हे ठाऊक आहे की नाही, मी सांगू शकत नाही. ती कधी बोलली नाही. वर्षभर मी तिच्याकडे भिंगातून बघतोय आणि ती माझ्याकडे बघत नाही, भिंगाकडे बघते. त्याच्या पलीकडे तू आहेस असं तिला वाटतं. मी मध्ये कापड डोक्यावर घेऊन उभा असतो तेवढंच.

माझं चुकलं. ये.

राधाकिशन

*

उमापूर, फाल्गुन शुद्ध एकादशी

दादा,

सोबत बारवेची शेवटची तसबीर आहे. चारी हंगाम झाले, काम संपलं.

संक्रांत कधीच गेली. उजवा डोळाही गेला. आता तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. तरी काल सकाळी वेणी घालून, इरकल नेसून तयार. कौशल्या म्हणाली, "सासूबाई, ऱ्हाऊ द्या की आज." तर तिच्यावर खेकसली, "सरकारी काम हाय." आश्रुबानं हाताला धरून तिसऱ्या पायरीवर उभी केली आणि पायरी मोकळी करून बाजूला झाला. मी काच बसवेपर्यंत तिनं पायानं दगड चाचपला, पदर सारखा केला आणि त्या गडबडीत पूर्ण फिरली. मी वर बघितलं तर तिची पाठ माझ्याकडे आणि तोंड भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्याकडे. हात दोन्ही बाजूंना ताठ. आणि चेहऱ्यावर, मी पुढं जाऊन बघितलं, तोच फोटोचा चेहरा.

"काडली का टोपी?" ती कोनाड्याला विचारत होती.

मी तिला फिरवायला खांद्याला हात लावला. ती दचकली नाही. हळूच म्हणाली, "कोन? आसाराम?"

"न्हाई माय. मी."

"मंग तू हितं काय करतूस बाबा? जा, फोटू काड. उजेड जाईल."

तिला फिरवायचं माझ्यानं झालं नाही. मी माघारी आलो, टोपी काढली आणि बारा मोजले. आज घड्याळाकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघत मोजले. ती जराही हलली नाही. आश्रुबा मात्र तोंड फिरवून उभा होता, आणि या वेळी त्यानं बैलांचं निमित्त सांगितलं नाही.

साहेबाला कमानीची उंची मोजायला पाठ चालेल. खाली काय लिहायचं ते तुझं तू बघ. तोंड दिसत नाही, तेव्हा मुकामी औरत लिहायला काही हरकत नाही. कद चार फूट नऊ इंच लिही, तेवढं तरी बरोबर असू दे.

काम संपलं, यापुढं इथून एकही फोटो तुझ्याकडे येणार नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी तिनं विचारलं, "उद्या कुठं उबं ऱ्हायचं?" मी म्हटलं, बघू. ती रोज विचारील आणि मी रोज बघू म्हणेन. डॉक्टर म्हणतो, अजूनही कापता येईल. ती म्हणते, आधी आसाराम. बघणं आता होणार नाही, पण तुझा हात तिला कळेल. आणि तो कळला की ती सुरीखाली जाईल, याची मला खात्री आहे. उंबऱ्यात आलास की खांद्याला हात लाव, एवढंच तुझं काम.

पौर्णिमेपासून आश्रुबाची गाडी जालना स्टेशनाबाहेर उभी राहील. तू नाही आलास तरी आठ दिवस रोज उभी राहील, मी त्याला तसं सांगितलंय. त्यानं बैलांना वैरण भरून घेतलीसुद्धा.

आणि हे मी काल स्वतः जाऊन बघून आलोय, तेव्हा खरं मान: गंगेला घोट्याएवढंच पाणी आहे, गाडी सहज उतरते.

राधाकिशन